गोऱ्हा वेगळा बांधतात

प्रिय शीला,

फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. हे पत्र आणणाऱ्या जमनीमावशीला मी सांगितलं आहे, तू शेवटच्या ओळीपर्यंत जाईस्तोवर तुझ्याजवळून हलायचं नाही. तू म्हणशील, फोन होता की. फोनची मला आता भीती वाटते. फोनवर तोंडातून निघालं ते गेलं, मागून धरता येत नाही. कागदावर माणूस थांबतो, खोडतो. हा तिसरा कागद आहे. पहिला वाऱ्याने गेला, दुसरा मीच चुरगळला, कारण त्यात सगळं माझंच रडगाणं होतं.

उद्या सकाळी तुला ऑपरेशनला आत घेणार हे मला कळलं आहे. रक्त साडेसहावर आलं होतं, दोन बाटल्या चढवल्या तेव्हा कुठे आठच्या वर गेलं, तेही कळलं. आणि कागद भरायला आलेल्या सिस्टरला तू म्हणालीस, "नवऱ्याचं नाव नका लिहू. रकाना मोकळाच ठेवा," हेही कळलं. दोन सिझर झालेली बाई, अंगात रक्त नाही, आणि ती मोकळा रकाना घेऊन आत चालली आहे. मला उद्याच्या आधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती एका ओळीची आहे. पण नुसती ओळ लिहिली तर तू विचारशील, आता बरी सुचली? म्हणून ती कशी सुचली ते आधी लिहितो. तू मला ओळखतेस, मिठाला पाठवलं तर मी दुपारी पतंग घेऊन येतो. फाटे फुटतील. सांभाळून घे.

अर्पिता झाली तेव्हाचं आठवतं तुला? मला तर ती लाल बादलीच आठवते, जी दवाखान्यातली आया तुझ्या खोलीतून घेऊन गेली आणि मी भिंतीला धरून उभा राहिलो. डॉक्टरबाईंनी मला बोलावून सांगितलं, तिसरं नको, ही वाचली हेच खूप. तुझं ऑपरेशन करायला तुझ्यात ताकद नव्हती. मग त्या म्हणाल्या, "तुमचं करून घ्या ना. पंधरा मिनिटांचं काम आहे, टाकासुद्धा नाही." टेम्पोत घरी येताना तू अर्पिताची टोपी सारखी करत राहिलीस. मी म्हणालो, मी करतो. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतंस. आपल्या तांड्यात आजवर एकाही बाप्याने हे केलं नाही. ज्याने केलं तो सोयाबीनचं पोतं उचलू शकत नाही, त्याचा आवाज बायकांसारखा होतो, असं सगळे पारावर बसून सांगतात. त्यात आपल्याला दोन्ही मुलीच. याडीचं, तुझ्या सासूचं, तर ठरलेलं, "नातवाचं तोंड पाह्यल्याबिगर मी मरत नाई." म्हणून आपण ठरवलं की हे दोघांतच राहील. घरी सांगितलं, घाटंजीला टायर बघायला जातो. शीला, आपल्याकडे दोघांचं असं दुसरं काही नव्हतं. पैसा नाही, वेगळी खोली नाही, एकत्र राहायला पुरते महिने नाहीत. एवढं एक गुपित होतं.

एक डिसेंबरला नसबंदीचं शिबिर होतं. आम्ही सहा जण होतो, सगळे एकमेकांकडे न बघता बसलेले. एक कर्मचारी उभा राहून समजावत होता. आणि इथेच माझा घात झाला. त्याच्या मागे एक माणूस कूलर दुरुस्त करत होता आणि पंप उलटा बसवत होता. माझं सगळं ध्यान तिकडे. शेवटी मी उठून गेलो, त्याला म्हणालो, दादा, तोंड वर पाहिजे. त्याने पाना माझ्या हातात दिला, मी पंप बसवून दिला, पाणी चढलं, सहाच्या सहा जणांना ऐन थंडीत गार वारा लागला. सगळे हसले. मी जागेवर येऊन बसलो तेव्हा कर्मचारी विचारत होता, "समजलं ना सर्वांले?" मी सगळ्यांत मोठ्याने म्हणालो, "समजलं." सही केली. खरंच पंधरा मिनिटं लागली, सुईपेक्षा भीतीच जास्त दुखली. निघताना त्यांनी निरोधची पाकिटं आणि एक कार्ड हातात दिलं. कार्ड मी न वाचता हार्वेस्टरच्या पान्यांच्या पेटीत टाकलं. आजही ते तिथेच आहे, ग्रीसने काळं झालेलं.

पाकिटांचं तुला आठवत असेल. आठवडाभराने तू ती माझ्या पिशवीत पाहिलीस आणि म्हणालीस, "देल्ले असतीन तर वापरा ना. उगीच देतीन का ते?" मी हसलो. म्हणालो, टाकीच फोडून आलो, आता तोटीला कायले बूच? तू पुन्हा एकदा म्हणालीस, हळू, मान खाली घालून. मी पुन्हा हसलो. मग ती पाकिटं मी हार्वेस्टरच्या वायरींच्या जोडांवर चढवली, दव लागू नये म्हणून. मशीनवरच्या गण्याने फोटो काढून सगळ्या ड्रायव्हरांना पाठवला. तू दोनदा सांगितलंस शीला. मी मोजलं आहे, दोनदा.

तो डिसेंबर आपला सगळ्यात चांगला महिना होता. तुला भीती नव्हती, मला घाई नव्हती. तुरीच्या शेंगा उकडून खायचो, थोरली खुशी टरफलं माझ्या कानात अडकवायची. सहा जानेवारीला मी मशीन घेऊन निघालो. बा ओट्यावरून म्हणाला, "लदेणी बंद होऊन शंभर वर्सं झाली, याचे बैल अजून चालूच हायेत." आपल्या आजापणज्यांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथे घातले, ते पोटासाठी. माझ्या पायांना काय झालं आहे ते मलाच कळत नाही. एका जागी पंधरा दिवस झाले की मला भिंती मोजाव्याशा वाटतात. ते असू दे.

मार्च. मी मध्य प्रदेशात गव्हावर होतो. तुझा फोन आला, आणि आवाजात भीती होती, पण तिच्याखाली थोडं हसूही होतं. तू म्हणालीस, "मले वाटते, दिवस गेले. आधी वाटलं अशक्तपनामुळंच चुकली पाळी. जमनीमावशीनं तिच्या आशाच्या पेटीतली पट्टी लावून पाह्यलं." तुला वाटलं असेल मी म्हणेन, अरे, असं कसं, चल डॉक्टरला विचारू. मशीन चालू होतं. मी ते बंद केलं. आणि विचारलं, "कोनाचं?" एकच शब्द. मला वाटतं तुला तो आधी ऐकूच आला नाही, कारण तू म्हणालीस, "काय म्हनलं?" आणि मी तो पुन्हा म्हणालो. थांबायची एक संधी मिळाली होती, तीही घालवली. मागून याडीचा आवाज आला, "काय म्हनते वं शाम?" फोन स्पीकरवर होता, आणि मी ओरडलो, "याडी, माहं ऑपरेशन झालंय डिसेंबरात. आता तूच विचार तिले." आपलं दोघांचं गुपित मी असं उघडलं. जे तुझ्या जिवासाठी केलं होतं, तेच काठीसारखं तुझ्या पाठीत घातलं. घरात सगळे खूष होते म्हणे त्या दिवशी. याडीने शिरा करायला रवा काढला होता. तू दोन्ही पोरी आणि एक पिशवी घेऊन माहेरी, शंकरसिंगमामांकडे गेलीस. कोणीच अडवलं नाही.

मग मी फिरत राहिलो. निजामाबाद, आदिलाबाद, पुन्हा वर, पुन्हा खाली. मशीनचं काम संपलं तर टेम्पो धरला. कुठे थांबलो की डोळ्यांपुढे माणसं उभी राहायची. तांड्यातले कोणकोण मी तुझ्या शेजारी उभे करून पाहिले त्यांची नावं लिहीत नाही, ती सगळी चांगली माणसं आहेत. एकाच्या तर मांडीवर खेळून मी मोठा झालो. तारीख किती, कितवा महिना, हे मी तुला किंवा जमनीमावशीला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बोटांवर उलटं मोजता आलं असतं. मला मोजायचंच नव्हतं. चिडलेल्या माणसाला बरं वाटतं शीला, हे मी तुला खरं सांगतो. तो झोपत नाही, जेवत नाही, पण आपण बरोबर आहोत एवढ्यावर जगतो.

जुलैच्या शेवटी मी उमरखेडला खताची पोती उतरवायला गेलो होतो. पाऊस आला म्हणून जनावरांच्या दवाखान्याच्या ओसरीत शिरलो. हातात समोसा होता. तिथे धावजी नावाचा एक म्हातारा गोऱ्हा घेऊन आला होता, आपल्यातलाच, पैनगंगेकाठच्या तांड्यातला. डॉक्टरांनी चिमटा लावला, गोऱ्हा एकदा हंबरला, आणि माझ्या मांड्या आपोआप आवळल्या. चार जण हसले. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "आजोबा, दोन महिने याला गाईंत सोडू नका." धावजीला राग आला. म्हणाला, "मले शिकवता का साहेब? खच्ची केला म्हनजे लगेच रिता होते का थो? आधीचं भरेल असते त्याच्यात. गोऱ्हा वेगळाच बांधतात."

शीला, समोसा माझ्या हातात तसाच राहिला. कारण हे मला माहीत होतं. मी दहा वर्षांचा असताना बाने आपल्या हिऱ्याला खच्ची केला होता आणि घरामागच्या बाभळीला दोन महिने वेगळा बांधला होता. त्याला पाणी पाजायचं काम माझं होतं. मी विचारलं होतं, बा, याला का वाळीत टाकलं? बा म्हणाला होता, "अजून त्याच्यात जुनं बीज हाये." दहाव्या वर्षापासून मला हे माहीत होतं. हिऱ्याच्या बाबतीत माहीत होतं, माझ्या बाबतीत नाही. पाऊस थांबला तरी मी तिथेच बसून. धावजी गोऱ्ह्याला घेऊन निघाला तेव्हा मी मागे धावलो आणि विचारलं, "आजा, मानसाचंबी असंच असते का?" त्याने मला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "काहून? मानूस काय आभाळातून पडला?"

दुसऱ्या दिवशी मी तिथल्या सरकारी दवाखान्यात गेलो. पंजाबराव म्हणून एक आरोग्य कर्मचारी आहेत, रिटायर व्हायला आलेले, खिशाला चार पेन. मी म्हणालो, माझ्या एका मित्राची अडचण आहे. ते म्हणाले, "मित्राले बस म्हना, उभा काहून हाये?" मी बसलो. त्यांनी एक कागद घेतला आणि चित्र काढायला लागले, पाइपलाइनसारखं. त्यांनी सांगितलेलं मी तुला सगळं लिहितो, कारण यातलं काहीच मला चोवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत तो धडा आला तेव्हा गुरुजी म्हणाले होते, घरी वाचा.

ते म्हणाले, बीज वृषणात तयार होतं, म्हणजे खाली पिशवीतल्या त्या दोन गोळ्यांत. देवाने ते पोटात न ठेवता बाहेर का टांगले? तर बीजाला अंगाची गर्मी सोसत नाही, दोन-तीन अंश थंडच लागतं. म्हणून थंडीत पिशवी वर ओढली जाते, उन्हात सैल होते, तिचं तीच बघते. एक बीज पिकायला सत्तर-बहात्तर दिवस लागतात, जवळजवळ मुगाच्या पिकाइतके. रोज कोट्यवधी तयार होतात. मग ती मागच्या एका गुंडाळलेल्या नळीत जाऊन थांबतात, ती नळी उलगडली तर वीस फूट भरेल. तिथून दोन बाजूंनी दोन नळ्या वर पोटात जातात, आणि नसबंदीत कापतात, बांधतात त्या याच दोन नळ्या. बाकी कशालाच हात लावत नाहीत. जे पाणी बाहेर पडतं त्यात बीजाचा हिस्सा अगदी थोडा, शंभरात चार-पाच. उरलेलं सगळं वरच्या गाठींमधून येतं. म्हणून ऑपरेशननंतरही माणसाला काही फरक दिसत नाही. दाढी, आवाज, ताकद, इच्छा ज्याच्यावर चालते तो रस तर रक्तातून जातो, त्याचा आणि या नळ्यांचा संबंध नाही. मी म्हणालो, मग पोतं उचलता येतं? ते म्हणाले, "आळशी नसला तर येते."

आणि मग त्यांनी चित्रात कापलेल्या जागेच्या पुढे पेन ठेवलं. म्हणाले, "इथं कापलं. पन इथून पुढं जे आधीच निघून गेलं हाये, त्याचं काय? ठिबकची मोटार बंद केली तरी नळीतलं पानी शेवटच्या झाडापर्यंत जाते का नाही? तसंच हे. हे निघून जायले तीन महिने लागतात. तवर निरोध वापरायचा, आन् तीन महिन्यांनी वीर्य तपासून शून्य आलं तरच मोकळं. हे सांगतलं असंन तुमच्या मित्राले. सर्वांले सांगतात." मी म्हणालो, "सांगतलं होतं. मित्र कूलर दुरुस्त करत होता." ते हसले नाहीत. त्यांनी बायकोची तारीख विचारली. मला माहीत नव्हती. तिथूनच मी जमनीमावशीला फोन लावला, तिने मला आधी मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग सांगितलं, सोळा सप्टेंबर. पंजाबरावांनी बोटांवर उलटं मोजलं आणि चित्राच्या बाजूला लिहिलं, राहिली ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. ऑपरेशनला तीन आठवडे झालेले. मी घरात. तुरीच्या शेंगा. शेवटी जाता जाता त्यांनी विचारलं, पोरं किती? म्हणालो, दोन मुली. ते म्हणाले, मुलगी की मुलगा हेही बाप्याच्याच बीजावर ठरतं, बाईकडे त्यातलं काहीच नसतं, तेवढंही घरी सांगा. म्हणजे आजवर याडीने तुला जेवढे टोमणे मारले, ते सगळे पत्ता चुकून तुझ्याकडे आले होते.

त्यांनी तपासणी करून घ्यायला सांगितलं, तशी केली. एक छोटी डबी देतात आणि एका खोलीत पाठवतात. त्या खोलीत एका खत कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर एक शेतकरी माझ्याकडे बघून हसत होता. त्याच्याकडे पाठ केली. जाऊ दे. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, पंजाबरावांनी तो चित्राच्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिला. बीज शून्य. म्हणजे ऑपरेशन पक्कं झालं आहे.

आता हे नीट समजून घे, माझी झोप गेली ती इथे. मला वाटलं होतं, रिपोर्टात थोडी तरी बीजं निघतील, आणि तो कागद मी याडीपुढे, तुझ्या भावापुढे, रामधनपुढे, सगळ्या तांड्यापुढे नाचवीन, की बघा. पण तोवर ऑगस्ट लागला होता. नळीतलं पाणी कधीच निघून गेलं. हा कागद घेऊन मी घरी गेलो असतो तर याडी म्हणाली असती, झालं, कागदच बोलला. माझ्याकडे डिसेंबरचा कोणताच कागद नाही. डिसेंबरचा साक्षीदार तू आणि मी. त्या कागदाच्या पुढच्या बाजूने वाचलं तर तू खोटी ठरतेस, मागच्या बाजूचं चित्र आणि तारखा वाचल्या तर मी मूर्ख ठरतो. मी चार दिवस तो कागद खिशात घालून फिरलो. खरं सांगतो, एकदा मनात आलं की आणखी एक तपासणी असते, बाळ झालं की बाप-लेकरू दोघांची करतात, ती करावी, मग सगळ्यांची तोंडं बंद. आणि मग मला तू दिसलीस, डिसेंबरातली, मान खाली घालून म्हणत असलेली, देल्ले असतीन तर वापरा ना. जिला लपवायचं असतं ती असं म्हणते का? मार्चमध्ये फोन करताना तुझ्या आवाजात हसू कसं होतं मग? शीला, मला कागदाची गरज नव्हती. मार्चमध्येही नव्हती.

पोळ्याला मी तांड्यात गेलो. बैल सजून तोरणाखाली उभे होते, सगळा तांडा जमा. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. एका बैलाच्या वशिंडाला धरलं. मी म्हणालो, "माहं नसबंदीचं ऑपरेशन झालं एक डिसेंबरले. तीन महिने थांबा म्हने. मी थांबलो नाई. शीलाच्या पोटात हाये ते माहं हाये. मी तिच्यावर घान टाकली, ती मागं घेतो." पोरं फिदीफिदी हसायला लागली. कोणी म्हणालं, "म्हनून आवाज बारीक झाला काय रे शाम?" दुसरा म्हणाला, पोतं उचलून दाखव. मी हिऱ्याचं नाव घेतलं. म्हणालो, बा, आपला हिऱ्या आठवतो? दोन महिने बाभळीला? तेव्हा तरणी पोरं हसतच होती, पण जी म्हातारी माणसं आयुष्यभर गुरांत राहिली ती गप्प झाली. त्यांना कळलं. बा ओट्यावरून उठला. तो कधी चारचौघांत बोलत नाही, तुला माहीत आहे. तो म्हणाला, "आजपावतर सतरा गोऱ्हे वेगळे बांधले मी. आपलं पोरगं बांधायचं राह्यलं." आणि डोळे पुसायला बैलामागे गेला. संध्याकाळी याडीने पुरणाची ताटं वाढली आणि त्यातलं एक वेगळं झाकून ठेवलं. कोणासाठी ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते झाकलेलंच होतं.

मग मी शंकरसिंगमामांच्या दारात गेलो तर कुलूप. शेजारी म्हणाले, यवतमाळला नेलं, अंगावर सूज आली होती. आता कुठून लिहितो आहे ते सांगतो. तुझ्या वॉर्डाच्या खिडकीतून कडुनिंब दिसतो ना, ज्याच्या बुंध्याला चुना लावला आहे? मी त्याच्या खाली बसलो आहे. चार दिवस झाले. रामधनने पहिल्याच दिवशी सांगितलं, "पायरीवर पाय ठेवशीन तर तंगडं मोडीन," आणि तो दोन जिन्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसला आहे, बरोबरच करतो. मी वर आलेलो नाही. सकाळी खाली रक्त देऊन आलो. ते तुलाच चढेल असं नसतं, तिथे अदलाबदल असते, पण तुझ्या नावावर एक बाटली जमा झाली. रामधन काल म्हणाला, बाळ झालं की तपासणी करू आणि रिपोर्ट तुह्या तोंडावर फेकू. त्याला सांग, मला नको. मी ती मागणार नाही, बघणार नाही, तुझ्या मुलाला माझ्याकडे यायला कागद लागणार नाही. माझा तो रिपोर्ट या पाकिटातच घातला आहे, एकच प्रत होती. तो तुझा आहे, ठेव किंवा चुलीत घाल, पण तो दाखवून तुझ्यावर कोणी बोट ठेवू नये. तुला घरी चल म्हणायला हे लिहिलेलं नाही, ते म्हणायचं तोंड मला नाही. ती एक ओळ अशी आहे: तुझ्या पोटात आहे ते माझं आहे, आणि हे मला कोणी सिद्ध करून दिलेलं नाही. उद्या तुला काही झालं तर तू हे ऐकल्याशिवाय जाऊ नयेस, एवढ्यासाठी लिहिलं. दार लागायच्या आधी निघालेलं ते शेवटचं पोर आहे माझं, आणि त्याला पोटात घेऊन तू सहा महिने एकटी चाललीस. सिस्टर सहा वाजता पुन्हा कागद घेऊन येतात म्हणे. त्या रकान्यात माझं नाव लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर कोराच राहू दे, मी विचारणार नाही. पण नाव असो की नसो, उद्या तुला आत नेतील आणि बाहेर आणतील तेव्हा मी या कडुनिंबाखालीच असेन. या वेळी उठून कुठे जाणार नाही.

तुझाच, वेगळा बांधलेला,
शाम